काचेच्या दाराची कडी

मी कडी बोलतेय. समुद्राकाठच्या एका रिसॉर्टमध्ये, दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत, बाल्कनीच्या सरकत्या काचेच्या दारावर मी आतल्या बाजूनं बसवलेली आहे. बोटभर लांब, मोठ्या माणसाच्या कमरेइतक्या उंचीवर. माझ्यावर कधीकाळी सोनेरी मुलामा होता. तो खाऱ्या वाऱ्यानं खाल्ला.

कारखान्यात माझ्यासारख्या हजार जणी एका दिवसात तयार झाल्या. इथल्या मिस्त्रीकाकांनी दातांत स्क्रू धरून मला या दारावर ठोकलं, त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून समुद्र समोर आहे आणि मी इथेच. लोक येतात, "वा, काय व्ह्यू आहे!" म्हणतात, चार दिवस लोळतात आणि जातात. मला दोन स्क्रू सोडतील तर ना! दुसऱ्यांना कोंडायचं काम करणारी मी स्वतःच जन्माची कोंडलेली. याचा मला राग येतो, खोटं कशाला बोलू?

नवी होते तेव्हा मी फार ताठ होते. पाहुणे कुरकुर करायचे, म्हणून काकांनी तेल पाजून पाजून मला ढिली केली. आता नुसतं बोट लागलं तरी मी खाली पडते आणि दार लागतं. वर उचलायला मात्र बाजूचं बटण दाबून धरावं लागतं. ते मोठ्यांनाही पहिल्या दिवशी जमत नाही.

गेल्या आठवड्यात तिघं जण आले. आई, बाबा आणि पावणेदोन वर्षांची मुलगी. आई तिला लाडानं आणि वैतागूनही ठमाबाई म्हणायची. आल्या आल्या आईनं काय करावं? ती गुडघ्यांवर बसून खोलीभर रांगली. पोरीच्या उंचीवरून कुठे काय टोचतं, काय ओढता येतं, ते बघत. टेबलाच्या कोपऱ्यांना तिनं मोजे बांधले. ठमाबाईंना नुकतंच मुठीचं दार उघडता यायला लागलं होतं, म्हणून मुख्य दाराला आतून साखळी लावली. माझ्याकडे बघून म्हणाली, "ही बरी आहे, पोरगी बाहेर जायची नाही." पोरगी आत आणि आपण बाहेर, हे कुणाच्या डोक्यात येणार?

सुट्टी म्हणायची ती बाबाची झाली. ठमाबाईंना वाळू पायाला लागली की रडू फुटायचं. दुपारी बारा ते तीन झोप, त्यासाठी पडदे बंद, दिवे बंद. आई बाथरूममध्ये कमोडच्या झाकणावर बसून फोनवर काहीबाही वाचायची. बाबा भला माणूस. रोज विचारायचा, "मी थांबू का?" ती रोज म्हणायची, "नको, तू जा." आणि तो खरंच जायचा.

चौथ्या दुपारी पोरगी झोपली. आईनं किटलीत पाणी उकळलं, कपभर चहा केला. खाली माळी मशीननं कुंपण कापत होता. आवाजानं पोरगी उठेल म्हणून बाल्कनीत जाऊन तिनं दार मागून ओढून घेतलं. पहिला घोट घेतला, डोळे मिटले. चार दिवसांत तिचे खांदे खाली आलेले मी तेव्हाच पाहिले.

ठमाबाई पलंगावरून घसरून उतरल्या, काचेपाशी आल्या. आईची पाठ दिसली. हात वर गेला, मी हाताला लागले, आणि मी पडले. टक्.

आई वळली. दार ओढलं. पुन्हा ओढलं. "ठमे, वर कर. ती वर कर, राणी." ठमीनं मला आणखी खाली दाबलं आणि टाळ्या वाजवल्या.

फोन पलंगावर होता. आणि बुटक्या टेबलावर ती किटली, पाण्यानं अर्धी भरलेली, वायर लोंबकळत. आईची नजर तिथे गेली आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला.

तिनं खाली हाका मारल्या. मशीनपुढे काय ऐकू येणार? मग कठड्यावरचा ओला टॉवेल तिनं माळ्याच्या डोक्यावरच टाकला. त्यानं वर पाहिलं, तिचे हातवारे पाहिले, आणि मशीन टाकून तो मदत आणायला पळत सुटला.

आता पोरीला काचेपाशी धरून ठेवायचं होतं. धरायला हात तर पोचत नव्हते. आई खाली बसली. काचेला नाक चपटं करून लावलं. "कुठे गेलं नाक? हे बघ, हे बघ!" जीभ काढली, गाल फुगवले, टॉवेल नव्हता म्हणून ओढणीआड लपून "भो" केलं. ठमी हसून हसून लोळायला लागली. तिच्या आईची नजर मात्र सारखी मागच्या किटलीकडे जात होती, ते फक्त मला दिसत होतं. वाटलं, एकदा, फक्त एकदाच स्वतःहून वर उठावं. मी लोखंड आहे. माझ्यानं काहीही झालं नाही.

तेवढ्यात मुख्य दार तीन बोटं उघडलं. साखळी ताणली गेली. फटीतून बाबा मोठ्यानं म्हणाला, "ठमी! बाबा आला! ये इकडे, ये!"

ठमी निघाली. वाटेतच टेबल होतं.

"गप्प बस!" आई ओरडली. "तिला बोलावू नकोस! किटली आहे तिथे!"

त्या आवाजानं पोरगी दचकून थांबली. आधारासाठी तिनं हाताला आलं ते धरलं. ती वायर होती. ओठ बाहेर आले, आता भोकाड पसरणार. बाबा गप्प झाला. आईनं कपाळ काचेला टेकवलं आणि अगदी हळू, नेहमीच्या आवाजात म्हणाली, "ठमाबाई, माझं नाक हरवलं. शोधायला येता का?"

वायर सुटली. ठमी आली. काचेवर नाकाच्या जागी तिनं बोट ठेवलं, आणि मागे मिस्त्रीकाकांनी कटरनं साखळी तोडली.

मग त्यांनीच बटण दाबून मला एका बोटानं उचललं. आई आत आली. आधी तिनं किटली बाथरूममध्ये नेऊन ओतली, मग पोरीला छातीशी धरून जमिनीवर बसली.

"दार ओढून कशाला घेतलंस?" बाबानं विचारलं.

"पोरगी उठू नये म्हणून," ती म्हणाली. मग मान हलवली. "नाही. मला तिच्यापासून सुटायचं होतं. पाच मिनिटं."

काका हत्यारं गोळा करत राहिले. मग बाबानं पोरीला कडेवर घेतलं आणि काही न विचारता खाली घेऊन गेला. खोलीची दोन्ही दारं सताड उघडी होती, समोर समुद्र होता, आणि आईला उठताच येईना. बराच वेळ ती तशीच जमिनीवर बसून होती.

आता दारावर वर, उंच, नवी कडी आली आहे. मला चिकटपट्टी लावून उचललेलीच बांधून टाकलंय. मी आता पडू शकत नाही. बरंच झालं. जाता जाता एवढंच सांगते. कुणी "नको, तू जा" म्हणालं, तर लगेच निघू नका. तिच्या कडेवरचं मूल आधी आपल्या कडेवर घ्या, मग काय ते बोला.