भिंतीतलं मोहोळ

चंदीगडच्या फिकट, धुक्यानं ओलावलेल्या उन्हात ताई मधमाश्यांच्या पेटीला कान लावून बसे, तेव्हा तापलेल्या लेकराचा श्वास ऐकणाऱ्या आईची व्याकुळता तिच्या मुद्रेवर उतरे. सुधाताई माझी थोरली बहीण, मधमाश्यांची अभ्यासक. मोहालीत नोकरी लागल्यापासून मी तिच्याकडेच राहतो. आमच्या साताऱ्याकडे जिला सातेरी म्हणतात, ती देशी माशी तिनं परसातल्या पेट्यांत सांभाळली होती, आणि तीच आता आतून विझत चालली होती.

"बघ," पोळं उन्हात धरून ती म्हणाली, "अळ्यांमध्ये ही रिकामी घरं. राण्यांची लग्नं आपल्याच भावांशी होताहेत रे. त्यातून निपजलेल्या सदोष अळ्या कामकरी माश्याच खाऊन टाकतात. वेगळ्या वंशाचं मोहोळ मिळालं नाही, तर ह्या संपल्या."

मोहरीच्या शेतांत इटालियन माश्यांच्या पेट्या होत्या, पण त्यांच्याशी सातेरीचं जुळत नाही. आणि देशी माश्यांच्या ढोलींची झाडं नव्या वसाहतींखाली गेली होती.

फाल्गुनात जवळच्या मुल्लानपूरहून फोन आला: पाडायला काढलेल्या एका घराच्या मातीच्या भिंतीत देशी मोहोळ आहे. ताई भरल्या ताटावरून उठली. वाटभर ती मुलीसाठी स्थळ पाहायला निघाल्यासारखी बोलत होती.

घरमालक सरदारजी दारातच उभे होते. "बहनजी, आप लेट हो गए. मजदूरों को काट रही थीं, ठेकेदार ने सुबह स्प्रे करवा दिया."

भिंतीच्या पायाशी माश्यांचा ओला, काळसर ढीग पडला होता. ताई गुडघ्यांवर बसली आणि बोटांनी एकेक माशी सारत राणी शोधू लागली. सापडली, तिच्याभोवती कामकऱ्यांनी धरलेलं कडं मेल्यावरही सुटलं नव्हतं. सरदारजींनी पाण्याचा ग्लास पुढे केला, तो तिला दिसलाच नाही. भिंतीतून तिनं पोळ्याचा एक तुकडा ओरबाडून काढला.

"ताई, पुरे आता."

"ह्यातल्या झाकण लागलेल्या घरांत अजून नर आहेत. ऊब मिळाली तर जगतील, आपल्या राण्यांना वेगळ्या वंशाचे नर मिळतील." तो तुकडा शालीत गुंडाळून, पोटाशी धरून ती घरी आली आणि तिनं तो परसातल्या एका पेटीत बसवला.

आमच्याच माश्यांनी ती घरं उघडली आणि आतले मेलेले जीव एकेक करून बाहेर टाकले. ताई ते बघत उभी राहिली. उन्हाळा उतरेपर्यंत शेवटची पेटीही रिकामी झाली.

माणूस गेलं तर त्याचं नाव घेणारं कुणीतरी मागं उरतं. वंश संपतो तेव्हा फुलं पूर्वीसारखीच उमलत राहतात, आणि आपण कुणाची वाट पाहतो आहोत, हे काळ हळूहळू त्या फुलांनाही विसरायला लावतो.