पुरचुंडीतली डांबरगोळी

सिंधुताईंनी पेटीतून आपलं जुनं लुगडं काढलं, तर घडीतली पुरचुंडी रिकामी. सहा डांबरगोळ्या बांधल्या होत्या. ना ओल, ना चुरा, नुसता वास.

"गेल्या कुठं हो?"

"हवा झाल्या," फकिरा म्हणाले. रिटायर होईपर्यंत तीस वर्षं ते पोलाद कारखान्यात कोक ओव्हनकडेच होते, दगडी कोळसा भाजून त्याचं डांबर निघतं तिथं. हा विषय म्हणजे त्यांचं माहेर. "नॅप्थलीन आहे ते. पाणी होतच नाही, सीधा हवा. काळंकुट्ट डांबर तापवलं का त्यातून पांढरी पत्री निघे, अभ्रकावानी चमके. त्याचेच रंग बनते, सिमेंटात घालाचं औषध बनते, अन् तुही गोळीबी."

"अन् तुमच्या सदऱ्याचा वास. तीस वर्षं तोच हुंगून राहिली मी."

नातू आठ दिवसांचा. त्यांच्या घरी बाळाला आजीच्या लुगड्यात गुंडाळत, तेही न धुता. धुतलं की आजीची ऊब जाते म्हणे. सिंधुताईंनी गुंडाळलं.

तिसऱ्या दिवशी बाळ हळदीसारखं पिवळं. सून वंदना लंगोट घेऊन धावत आली. "आई, ही शू आहे का काळी चाय?"

दवाखान्यात डॉक्टर सुजातानं लुगड्याचा वास घेतला आणि ते आधी बाहेर ठेवायला लावलं. "काही बाळांच्या रक्तात जन्मतःच एक एन्झाइम कमी असतं, आजी. या गोळीच्या वाफेनं त्यांच्या लाल पेशी फुटतात. म्हणून ही कावीळ, अन् म्हणून शू काळी."

रक्त चढवलं. बाळ निळ्या दिव्याखाली. सिंधुताईंना कोणी बोललं नाही. बोललं असतं तर बरं झालं असतं.

"फावड्यानं उपसली मी ते पत्री," फकिरा पुटपुटले. "मले नाही समजली."

सिंधुताई काचेतून पाहत राहिल्या. डांबराच्या पोटातून पांढरं निघतं, कोणाला न भिजवता हवेत विरतं, आणि एवढ्याशा जिवाच्या रक्तातली नेमकी उणीव हुडकून काढतं. भीती वाटली, पण हात जोडावेत अशी.

दवाखान्यातल्या चौथ्या सकाळी वंदनाच्या दोनदा धुतलेल्या ओढणीत बाळानं शू केली. सिंधुताईंनी ओला कोपरा खिडकीशी धरला.

"अहो, पाहा नं!"

फकिरांनी चष्मा चढवला. पूर्वी पत्रीचा नमुना उजेडात धरून पाहत, तसा तो कोपरा उलटापालटा केला. डाग नव्हता. पाण्यासारखा स्वच्छ.

"एक नंबर," ते म्हणाले, आणि चष्मा पुसायला लागले.