प्राणी सकाळी सात ते आठ

छापखान्यात त्यांना सगळे ऱ्हस्वदीर्घ म्हणायचे आणि ते नाव त्यांना असं चिकटलं होतं की बायकोच्या मैत्रिणीसुद्धा तिला "काय म्हणतात तुमचे ऱ्हस्वदीर्घ?" असंच विचारायच्या. एकतीस वर्षं मुद्रितशोधनात गेली होती. शाळेची पुस्तकं, औषधांची लेबलं, निवडणुकीची पत्रकं, त्या लहानशा शहरात जे काही छापून निघायचं ते आधी त्यांच्या लाल पेनाखालून जायचं. त्यांच्या हातून आजवर एकही चूक सुटली नव्हती. निदान कोणाला सापडली नव्हती, आणि छापखान्यात दोन्हीचा अर्थ एकच होतो.

त्यांच्या डोळ्यांचा मालकांना भारी अभिमान. गिऱ्हाईक आलं की मालक त्याला थेट त्यांच्या टेबलापाशी आणत आणि म्हणत, "हे बघा. छप्पन्न वय. चष्मा नाही." गिऱ्हाईक वाकून डोळ्यांत बघायचं. ऱ्हस्वदीर्घ पापणी न लववता बसून राहायचे. गेले सहा महिने मात्र त्यांना त्या गिऱ्हाइकाचं नाक नीट दिसत नव्हतं, आणि अक्षरं तर पाण्यात सोडल्यासारखी हलायची. ही गोष्ट त्यांनी कोणालाही सांगितली नव्हती. बायकोलाही नाही.

मालकांनी शहरापासून तासाभरावर टेकडीवर एक लाकडी घर विकत घेतलं होतं. शनिवार-रविवार तिथे राहायला जायचं ठरलं. मालक, मालकीणबाई, मालकांचा मित्र असलेला दातांचा डॉक्टर, ऱ्हस्वदीर्घ, त्यांची बायको आणि सासूबाई, अशी सहा डोकी एका गाडीत कोंबून निघाली.

"सोमवारी तो यंत्रवाला येतोय," मालक गाडी चालवता चालवता म्हणाले. "म्हणतो, आमचं यंत्र मिनिटाला शंभर पानं तपासतं. मी म्हटलं, आमच्याकडे ऱ्हस्वदीर्घ आहेत. त्यांची एक चूक दाखव, त्याच दिवशी तुझं यंत्र घेतो आणि त्यांना घरी बसवतो!"

सगळे हसले. ऱ्हस्वदीर्घही हसले. घरी बसून माणूस काय करतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांना दुसरं काहीच येत नव्हतं.

घर छान होतं. लाकडाचा वास, मोठ्या खिडक्या, मागच्या दारी तीन पायऱ्या आणि त्याखाली एक नळ. नळ कोरडा होता. स्वयंपाकघराच्या दाराशेजारी काचेच्या चौकटीत सूचनाफलक टांगला होता.

"जुन्या मालकाने हाताने लिहून दिलेला कागद होता," मालक कौतुकाने म्हणाले. "मी आपल्याकडे छापून घेतला. वाचा ना, ऱ्हस्वदीर्घ, तुम्हीच तपासलाय."

ऱ्हस्वदीर्घांनी चार पावलांवरून वाचलं. पाणी सकाळी येईल, पाणी भरून ठेवावे, पाणी जपून वापरावे. सगळं ठीक होतं. ते समाधानाने मागे सरले आणि सासूबाई चाळिशी लावून पुढे झाल्या.

सासूबाई अक्षर अन् अक्षर मोठ्याने वाचणाऱ्यांपैकी होत्या. "एक. प्राणी सकाळी सात ते आठ या वेळेतच येईल."

"पाणी, आई," बायको म्हणाली.

"मला वाचता येतं. प्राणी. दोन. आल्याबरोबर बादल्यांत भरून ठेवावे. तीन. प्राणी जपून वापरावे. चार. अंघोळीस माणशी अर्धी बादली प्राणी पुरते. पाच. प्राणी गढूळ वाटल्यास फडक्यातून गाळून घ्यावे. सहा. पाळीव प्राणी आत आणू नये."

ऱ्हस्वदीर्घांनी काचेला नाक लावलं, काही दिसेना, तेव्हा हातभर मागे सरून डोळे ताणले. प्र. पुन्हा प्र. 'प'च्या पायाशी ती केसाएवढी तिरकी रेघ, ओळीमागून ओळीत, ठाण मांडून बसली होती. आणि मग त्यांना सगळं लख्ख आठवलं. सहाव्या ओळीत 'पाळीव पाणी' असं पडलं होतं, ते त्यांनी लाल पेनाने 'प्राणी' केलं होतं. संगणकावरच्या ऑपरेटरने एक बटण दाबून सगळीकडे तेच केलं. दुसरं प्रूफ आलं तेव्हा त्यांनी ते हातभर लांब धरलं, सवयीने वाचलं आणि खाली लिहिलं, 'छापण्यास हरकत नाही.'

"प्राणी?" मालकांनी विचारलं. "तुम्ही तपासलंय ना हे?"

"हो."

"मग?"

एवढ्याशा 'मग'मध्ये सोमवार होता, यंत्रवाला होता आणि रिकामं टेबल होतं.

"मग बरोबरच असणार," ऱ्हस्वदीर्घ म्हणाले.

तिथेच प्रश्न मिटला. चार शहाणीसुरती माणसं कामाला लागली. नळाला पाणी नाही हे दिसत होतं, खाली राखणदाराच्या खोलीला कुलूप होतं, फोनला रेंज नव्हती. पण ऱ्हस्वदीर्घांनी तपासलेल्या मजकुरात चूक असेल ही शंका त्या चौघांच्या मनाला शिवलीसुद्धा नाही. त्यापेक्षा प्राणी सोपा होता.

डॉक्टरने कागद-पेन्सिल घेतली. "माणशी अर्धी बादली. आपण सहा. म्हणजे तीन बादल्यांचा प्राणी. साधारण मोठ्या कुत्र्याएवढा."

"पण 'पुरते' का?" मालक म्हणाले. "प्राणी पुरतो, असं हवं ना? ऱ्हस्वदीर्घ?"

सगळे त्यांच्याकडे वळले. व्याकरणाचा प्रश्न आला की ऱ्हस्वदीर्घांच्या पाठीचा कणा आपोआप ताठ व्हायचा. ही खोड त्यांना सरणापर्यंत सोडणार नव्हती.

"मादी असेल," ते म्हणाले. "ती पुरते."

"आणि 'भरून ठेवावे'? मादी असती तर 'ठेवावी' झालं असतं."

"ठेवावे, म्हणजे नपुंसकलिंग. म्हणजे..." त्यांनी पुन्हा फलकाकडे बघितलं. "पिल्लू. ते पिल्लू ठेवावे."

"मादी आणि पिल्लू!" मालकीणबाई हळहळल्या. "अगं बाई, लेकुरवाळी आहे ती." त्यांनी लगेच एक जुनी चादर घडी करून मागच्या दाराबाहेर अंथरली. "आणि गढूळ म्हणजे स्वभावाने असेल. पिल्लू बरोबर असलं की होतंच तसं."

"थांबा," डॉक्टर म्हणाला. त्याचा आवाज उतरला होता. "सहावा नियम बघा. पाळीव प्राणी आत आणू नये. पाळीव असेल तर आत आणायचाच नाही. म्हणजे जो येणार आहे, तो पाळीव नाही."

मग मालकांनी उठून खिडक्या लावल्या.

दुपारभर तयारी चालली. मालकांनी झाडूला दांडा ठोकून घेतला. डॉक्टरने गाडीतला दोर काढला, फास करून बघितला आणि म्हणाला की तोंड उघडलं तर तो दात बघून वय सांगेल, निदान त्याच्या सवयीचं काहीतरी काम होईल. जेवायला पाव, बिस्किटं आणि घरून आणलेली उकडलेली अंडी. चहा होईना, बटाटे शिजेनात. बरोबर आणलेल्या पाण्याच्या बाटल्या संध्याकाळपर्यंत एकेक करून संपल्या. शेवटच्या बाटलीचं पाणी मालकीणबाईंनी एका पसरट भांड्यात ओतून चादरीशेजारी ठेवलं.

"वहिनी, ते आपलं पिण्याचं होतं," ऱ्हस्वदीर्घांची बायको म्हणाली.

"तिला टेकडी चढून यायचंय. आपल्याला काय, बसूनच तर आहोत."

ऱ्हस्वदीर्घ खुर्चीत बसून हे सगळं बघत होते. प्रत्येक तासाला त्यांना वाटायचं, आता बोलावं. प्रत्येक तासाला ती गोष्ट आणखी मोठी झालेली असायची. सकाळी ती एका अक्षराची चूक होती. दुपारपर्यंत तिला शेपूट फुटलं होतं. संध्याकाळी तिला पिल्लू झालं होतं. आपलं खोटं आपल्यालाच सावरता येत नाही आणि दुसरे ते इतक्या मायेने वाढवताहेत, याची त्यांना मनापासून लाज वाटली. सासूबाई मात्र त्यांच्याकडे चाळिशीवरून बघत होत्या.

रात्र घसा कोरडा ठेवून कशीबशी गेली. सकाळी पावणेसातला सगळे मागच्या दाराच्या आत उभे होते. मालक झाडू घेऊन, डॉक्टर दोर घेऊन, मालकीणबाई बिस्किटाचा पुडा घेऊन. चादरीशेजारच्या भांड्यात कावळ्यांनी पाय धुतले होते, त्यात एक थेंब पिण्यासारखा उरला नव्हता. सासूबाई स्टुलावर बसल्या होत्या आणि त्यांच्या तळहातावर रक्तदाबाची गोळी होती. ती त्या रोज सातच्या ठोक्याला घेत. कोरडी गिळायला त्यांना एकदा सांगितलं होतं, तेव्हा घशात अडकून डॉक्टर बोलवावा लागला होता. दातांचा नव्हे, खरा.

बरोबर सातला भिंतीमागून आवाज आला. घर्र. मग एक लांब सुस्कारा. मग पुन्हा घर्र, या वेळी जवळून.

"आली," डॉक्टर कुजबुजला.

"रागात आहे," मालक म्हणाले.

नळ खाकरला, थुंकला आणि धो धो वाहू लागला. पाण्याचा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता. "पिल्लूच असेल ते," मालकीणबाई म्हणाल्या, "घाबरलं की करतात." पाणी पायऱ्यांखालून उताराला लागलं आणि झुडपांत नाहीसं होऊ लागलं. पंधरा मिनिटं झाली. तीस झाली. आठला नळ बंद होणार, की मग थेट उद्या. सासूबाईंचा हात अजून तसाच पुढे होता, आणि त्या तळहातावरची गोळी मात्र ऱ्हस्वदीर्घांना स्वच्छ दिसत होती.

त्यांनी कडी काढली.

"अहो, वेड लागलंय का?" बायको ओरडली. "मालक, धरा त्यांना!"

मालकांनी झाडू पुढे केला, पण हात धरायला कोणी आलं नाही. ऱ्हस्वदीर्घ बादली घेऊन पायऱ्या उतरले, नळाखाली बादली लावली आणि कपडे भिजवत उभे राहिले. बादली भरली. ती घेऊन ते वर आले, पेला बुडवून सासूबाईंना दिला आणि गोळी घशाखाली उतरेपर्यंत थांबले. मग मालकांकडे वळले.

"हा प्राणी," ते म्हणाले. "पाणी आहे, मालक. फलकावर चूक आहे. माझी आहे. दुसरं प्रूफ मी वाचलंच नाही, कारण मला वाचता आलं नाही. सहा महिने झाले, मला दिसत नाही. काल सांगायला हवं होतं, भ्यालो. सोमवारी यंत्र घ्या."

हे बोलल्यावर त्यांना छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं वाटलं. आता काय व्हायचं ते होवो.

मालकांनी बादलीत बघितलं. मग फलकाकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडला.

"ज्यात प्राण तो प्राणी," ते म्हणाले. "आणि पाण्याशिवाय प्राण कुठला? म्हणून पाणी हाच प्राणी! वा, ऱ्हस्वदीर्घ!"

"मालक, चूक आहे ती."

"आणि वर केवढा हा विनय! काल दिवसभर घोट घोट पाणी पुरवलं तेव्हा कळलं, जपून वापरावे म्हणजे काय. सुचलं असतं यंत्राला?"

"मादी का, तेही कळलं, जीव जगवणारी आईच ती," मालकीणबाई डोळे पुसत म्हणाल्या.

"मला दिसत नाही हो!" ऱ्हस्वदीर्घ ओरडले.

"दूरदृष्टीच्या माणसांना जवळचं कमीच दिसतं," डॉक्टर म्हणाला आणि दोर गुंडाळू लागला.

ऱ्हस्वदीर्घ मटकन पायरीवर बसले. एकतीस वर्षं लोकांच्या चुका सिद्ध केल्या, आणि स्वतःची एक सिद्ध होईना. ते रडण्याच्या बेतात होते, तेवढ्यात कोणीतरी त्यांच्या नाकावर काहीतरी बसवलं.

"घाला," सासूबाई म्हणाल्या. "पेपर हात लांब करून करून वाचता. हात संपायला आले आता, जावईबापू. मला काय दिसत नाही?"

"आई, तुम्हाला माहीत होतं?"

"कालपासून वाट बघत होते, कधी बोलताय त्याची. जा, वाचा."

ते फलकापाशी गेले. चाळिशीतून अक्षरं एकदम जागच्या जागी येऊन बसली, खुर्च्या सापडलेल्या पाहुण्यांसारखी. सहा महिन्यांनी त्यांना अनुस्वार गोल दिसला. ते वरपासून खालपर्यंत वाचत गेले आणि अगदी तळाशी, मुंगीएवढ्या टाइपात, एक ओळ सापडली. ती मालकांनी नंतर हौसेने टाकून घेतली असावी. 'मजकूर निर्दोष असल्याची हमी : ऱ्हस्वदिर्घ.'

"मालक," ते म्हणाले, "ही ओळ वाचा."

मालकांनी डोळे बारीक करून वाचलं. "निर्दोष असल्याची हमी, ऱ्हस्वदीर्घ. बरोबर तर आहे."

डॉक्टरने वाचलं. बरोबर. मालकीणबाईंनी, बायकोने वाचलं. बरोबरच.

ऱ्हस्वदीर्घांनी खिशातलं लाल पेन काढलं आणि काचेवरच 'दि'च्या वेलांटीवर काट मारून दुसरी काढली. 'दीर्घ' हा शब्दच ऱ्हस्व पडला होता. मालक त्या लाल खुणेकडे बघत राहिले. पहिल्या ओळीतल्या 'प्राणी'वर त्यांची नजर गेली, तिथून ती बादलीवर आली, आणि या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर उजेड पडला नाही, रंग उतरला.

"म्हणजे खरंच चूक होती ती," ते हळूच म्हणाले.

"खरंच होती. उद्या मी अकराला येईन, मालक. आधी चष्मा करायला टाकायचाय."

"आणि यंत्रवाला?"

ऱ्हस्वदीर्घांनी थोडा विचार केला. भीती होतीच, पण कालच्यासारखी नव्हती.

"त्याला बारानंतर बोलवा. आणि त्याचं माहितीपत्रक आधी माझ्या टेबलावर ठेवायला सांगा."

मालकांनी मान डोलावली. बराच वेळ डोलावत राहिले.

"झालं असेल तर माझी चाळिशी द्या," सासूबाई स्टुलावरून म्हणाल्या. "आणि कोणीतरी नळाखाली दुसरी बादली लावा. आठ वाजत आले, प्राणी सांडतोय."