बंद दाराची भाऊबीज

केवलरामने मागच्या खोलीच्या कडीवर खोबरेल तेलाचे दोन थेंब सोडले आणि ती हळूच पुढेमागे सरकवून पाहिली. पहिल्यांदा ती कुरकुरली, मग मुकाट सरकायला लागली.

त्याची बायको मथुरा दारात उभी राहून हे सगळं बघत होती. तिच्या हातात रांगोळीची डबी होती.

"सख्ख्या बहिणीपासून लपून राहिले तुम्ही," ती म्हणाली. "नातवंडं पाहतीन तर काय म्हणतीन?"

"नातवंडं रायपूरले हायेत," केवलराम ओठ जेमतेम उघडून म्हणाला. "तू सांग, नागपूरले गेले म्हणून. डॉक्टरकडं."

"भाऊबीजेले कोणता डॉक्टर दुकान उघडून बसून राहते?"

त्याने एक बोट वर केलं. आता बोलायचं नाही, असा त्या बोटाचा अर्थ घरात होळीनंतर ठरून गेला होता. मथुराने तोंडावर आलेला पुढचा टोमणा गिळला आणि ती रांगोळी काढायला निघून गेली.

होळीनंतर एका सकाळी दाढी करताना ते पहिल्यांदा झालं होतं. नाकपुडीपासून कानापर्यंत कुणी गालाच्या आतून तापलेली तार ओढून घ्यावी, तसं. वस्तरा मोरीत पडला आणि केवलराम भिंत धरून उभा राहिला. दातांचं असेल म्हणून उजवीकडच्या दोन दाढा काढून झाल्या. दाढा गेल्या, तार राहिली. मग नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की हे दातांचं नाही, चेहऱ्याच्या नसेचं आहे, आणि गोळ्या दिल्या. गोळ्यांनी चालताना तोल जाई आणि दुखणं थोडं लांब जाऊन बसे, पण घर सोडत नसे. कधी उठेल याचा नेम नव्हता. पंख्याचा वारा पुरे होई, टॉवेलचं टोक पुरे होई. पोलाद कारखान्यात कोळसा भाजणाऱ्या कोक ओव्हनच्या धगधगत्या दारांसमोर सारी नोकरी काढलेला माणूस आता चूळ भरायला भीत होता.

आणि आज अंजनाबाई येणार होती. थोरली बहीण. चरोद्याला तिच्या नवऱ्याची रेल्वेतली नोकरी, तिथेच तिचं घर. दर भाऊबीजेला ती इथे खुर्सीपारला यायची, भावाला पाटावर बसवायची, कुंकू लावायची, ओवाळायची. मग त्याचा चेहरा दोन्ही तळव्यांत घट्ट धरून गालांवरून हात फिरवायची आणि स्वतःच्या कानशिलांवर बोटं कडाकडा मोडायची. सगळी इडापिडा त्या आवाजात फुटून जाते, अशी तिची खात्री होती. त्या दोन तळव्यांचा विचार मनात आला तरी केवलरामच्या पाठीतून घाम सुटे.

पण तेवढंच असतं तर त्याने तिला सांगून टाकलं असतं. तुमसरजवळच्या गावी बाबांनाही चेहऱ्याचं असंच काहीतरी झालं होतं. केवलराम तेव्हा फार लहान होता. त्याला आठवायचं ते फक्त धान्याच्या खोलीचं बंद दार आणि आतून येणारा आवाज. बाबांनी आधी बोलणं सोडलं, मग खाणं, आणि त्या वर्षीची संक्रांत त्यांनी पाहिली नाही. अंजनाबाई मात्र मोठी होती, तिने सगळं जवळून पाहिलं होतं. ती आपल्या तोंडाकडे एकदा बघेल आणि ओळखेल, असं केवलरामला वाटे. डॉक्टरांनी सांगितलं होतं की या दुखण्याने माणूस मरत नाही. त्याने मान हलवली होती. पण एकदा का बहिणीने ओळखलं, तर ते बाबांचंच दुखणं ठरेल, मग डॉक्टरांचं काही चालणार नाही.

बाहेर ऑटो थांबला. केवलरामने कडी लावली आणि तो दाराला पाठ टेकून उभा राहिला.

"मथुरा, अवो काय रांगोळी काढली हाय! कोंबडी नाचली काय इथं?"

"या ना बाई. मोर हाय तो."

"मोर हाय तर मोर. केवल कुठं हाय?"

"ते... नागपूरले गेले."

"आज?"

"तपासणी होती."

"कायची तपासणी?"

खोटं बोलायला मथुराला एकच वाक्य शिकवलं होतं, ते संपलं होतं. तेवढ्यात गल्लीत पोरांनी लवंगी फटाक्यांची लड लावली. केवलराम दचकला, दात एकावर एक बसले, आणि तार ओढली गेली.

त्याने कोपऱ्यातल्या लोखंडी पेटीची कड दोन्ही हातांनी धरली. तोंड उघडलं तर आवाज येईल, मिटलं तर जास्त दुखेल. तो अर्धवट उघड्या तोंडाने, श्वास रोखून, वाकून उभा राहिला. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते गालावरून ओघळू नये म्हणून त्याने मान डावीकडे कलती केली. बाहेर फटाके संपले. आतलं संपायला वेळ लागला.

भान आलं तेव्हा बाहेरचं बोलणं स्वयंपाकघरात गेलं होतं.

"राहू द्या ना बाई, मी देतो पाणी."

"मी काय पाहुणी हाव?" भांड्याचं झाकण निघाल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. केवलरामच्या लक्षात आलं. सकाळी मथुराने त्याच्यासाठी चकली आणि करंज्या मिक्सरमधून काढून दुधात कालवल्या होत्या. ते भांडं ओट्यावरच होतं.

"हे कोणासाठी हाय?"

"मांजरासाठी," मथुरा म्हणाली.

"मांजर चकली खाऊन राहिली काय तुयी? तेही दळून?"

मथुरा हसली नाही. अंजनाबाईही हसली नाही. मग अंजनाबाईचा आवाज आला, पण तो मघाचा नव्हता.

"माय बाबाले असंच खलबत्त्यात कुटून देत होती," ती म्हणाली. "कधीपासून हाय?"

मथुराने काय सांगितलं ते केवलरामला ऐकू आलं नाही. बांगड्या वाजल्या, काडेपेटीवर काडी ओढली गेली, आणि पावलं खोलीकडे यायला लागली. संथ, गुडघेदुखीची पावलं. त्याने कडी दोन्ही हातांनी दाबून धरली. आता ती दार ढकलेल, आता हाक मारेल, आता तिचे ते तळवे.

पावलं दाराबाहेर थांबली. दाराखालच्या फटीतून पिवळा उजेड आत आला आणि फरशीवर उजवीकडून डावीकडे सरकला. परत उजवीकडे आला. पुन्हा डावीकडे. ती बंद दाराला ओवाळत होती.

"केवल," ती म्हणाली. "बोलू नको."

फटीतला उजेड जागीच थांबला.

"समोर येऊ नको. मी तोंडाले हात नाही लावत तुया. एक हात तेवढा बाहेर काढ."

कडीवरची त्याची बोटं अजून सुटली नव्हती. हात बाहेर काढला म्हणजे सगळं कबूल केलं. मग ती जे ओळखून बसली आहे ते खरं. आत्ता या अंधाऱ्या खोलीत अजून काहीच ठरलेलं नव्हतं. त्याने श्वास मोजून घेतला, जसा आताशा प्रत्येक घासाआधी घ्यायचा.

कडी सरकली. त्याने दार वीतभर उघडलं, चेहरा भिंतीआड ठेवला आणि उजवा हात बाहेर काढला.

मनगटावर ओलं, गार बोट टेकलं. कुंकू. मग अक्षता. त्यातले काही दाणे घरंगळून खाली पडले. तो वाट बघत होता, पण गालात काही उठलं नाही. तबक खाली ठेवल्याचा आवाज आला आणि अंजनाबाईने त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. दारासमोरच्या फरशीवर ती हळूहळू टेकत खाली बसली, आणि हात सुटू नये म्हणून त्यालाही दाराआड बसावं लागलं.

"बाबालेही हात मागतला होता मी," ती म्हणाली. "असाच, दाराबाहेर बसून. त्यायनं नाही देल्ला."

केवलरामने हात मागे घेतला नाही.