‘दे’ आणि ‘काढ’

भावाभावांना अबोला धरायचा तर खुशाल धरावा, पण मग एका मशीनवर दोघांनी काम करू नये. पण थोरल्याला हे सांगणार कोण? वर्कशॉप त्याचं, वेल्डिंगमध्ये त्याचा हात धरणारा कुणी नाही, आणि हट्टाला तर औषधच नाही. धाकटा त्याच्याच हाताखाली शिकला. हट्टसुद्धा तिथेच शिकला.

झालं होतं इतकंच, की धाकट्याला लांबच्या जहाजाच्या कारखान्यात नोकरी लागली. त्याने ते जेवताना सांगितलं. थोरल्याच्या हातातला घास हातातच राहिला, पण तोंडातून निघालं भलतंच. "जा की! तुझ्यावाचून माझं काय अडलंय?" धाकटा भरल्या ताटावरून उठला. तेव्हापासून दोघांत दोनच शब्द उरले. मशीनपाशी बसलेल्याने ‘दे’ म्हटलं, की खटक्यापाशी उभ्या असलेल्याने करंट द्यायचा. ‘काढ’ म्हटलं, की बंद करायचा. बाकी सगळं आईमार्फत. आई वैतागून म्हणायची, "अरे, वैरीसुद्धा एकमेकांना शिव्या तरी देतात. तुम्ही तेवढंही नाही!"

आणि धाकटा निघायच्या आदल्याच दिवशी वेल्डिंग मशीनने मान टाकली. खटका दाबला की दिवा मिणमिणायचा, पंखा एक गिरकी घ्यायचा, की फुस्स. सळई टेकवली तर ठिणगी म्हणून नाही.

धाकट्याची बॅग घरी भरून तयार होती. तरी तो सकाळी आला, बाह्या सरसावल्या आणि मशीनकडे तोंड करून म्हणाला, "तुला चालू करून जातो बाई, नाहीतर जन्मभर बोलणी खावी लागतील." हे कुणासाठी होतं ते थोरल्याला बरोबर कळलं. ही बया आज चालूच झाली नाही तर हा उद्याही थांबेल, असं त्याच्या मनात येऊन गेलं. खोटं कशाला बोला, आलंच.

मागे प्लग वितळला तेव्हा थोरल्याने नवा बसवायचा कंटाळा केला होता आणि वायर सरळ मेन स्विचमध्ये जोडून टाकली होती. चालतंय की, म्हणे! मेन स्विचचा खटका भिंतीपलीकडे, बोळात. म्हणून थोरला बोळात उभा आणि धाकटा आत मशीनपाशी. मध्ये भिंत.

"दे." दिला. फुस्स. "काढ." काढला. फ्यूजची तार बदलली, फुस्स. टेस्टर लावला तर छान पेटला. मग ‘काढ’ म्हणून धाकट्याने मशीनचं झाकण उघडलं, आतली धूळ फुंकून काढली, पंखा बोटाने फिरवून पाहिला. थोरला बाहेर भिंतीला कान लावून उभा. आतलं सर्किटचं कार्ड जळलं असणार, अशी त्याची अटकळ होती. पण विचारणार कसं? तोंड शिवलेलं ना!

"सापडलीस गं भवाने!" आतून धाकटा ओरडला. मशीनलाच सांगतोय अशा थाटात त्याने सगळं सांगितलं. "मागून वायर आत येते तिथला स्क्रू जळून काळा पडलाय. वायर नुसती टेकलीय. टेस्टर पेटण्यापुरता करंट येतो, भार पडला की धरत नाही. आता टोक कापतो, साफ करतो आणि घट्ट आवळतो."

थोरल्याची छाती फुगली. पोरगं तयार झालं होतं. आणि लगेच ध्यानात आलं, आता मशीन चालू होणार आणि हा जाणार. आतून पक्कड वाजली. मग स्क्रू फिरल्याची बारीक करकर. थोरल्याचा हात खटक्यावर होता आणि डोळे भरून आले होते. शेवटी त्याच्याने राहवेना.

"ऐक ना रे," तो भिंतीशी तोंड नेऊन म्हणाला. "मी रागात बोललो. नको जाऊस. राहतोस का?"

नेमका त्याच वेळी शेजारच्या लादीवाल्याने कटर सुरू केला. दगड कापण्याचा तो कर्कश आवाज बोळभर भरला. धाकटा आतून काहीतरी बोलला, त्याचं नुसतं शेपूट भिंतीपार आलं.

"…दे!"

हाताला सवय झाली होती. दे म्हटलं की द्यायचं. थोरल्याने खटका टाकला.

मशीन चालू झाली. फुस्स नाही, काही नाही. पंखा भरभर फिरू लागला. "अरे वा रे पठ्ठ्या!" थोरला ओरडला आणि त्याची पाठ थोपटायला हसत हसत आत गेला.

धाकटा मशीनवर वाकलेला होता. बोटं स्क्रूवर, दुसरा हात पत्र्यावर. हिरवा दिवा लख्ख लागलेला आणि पंख्याच्या वाऱ्याने त्याचे केस उडत होते. थोरला उलट्या पावली बोळात धावला. आता ‘काढ’ म्हणायला आत कुणी नव्हतं.

दवाखान्यातून धाकट्याला घरी आणलं. लादीवाला थोरल्याला धरून बसला होता. "त्याने ‘दे’च म्हटलं. मी या कानांनी ऐकलं," तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता. "याची काय चूक?" बिचारा! कानात बोळे घालून कटर चालवणारा माणूस, तो काय ऐकणार? पण मनाने भला. सगळ्यांना ते पटलंही. थोरल्याने मान डोलावली असती की विषय तिथेच मिटला असता.

पण हात काढल्याशिवाय ‘दे’ म्हणायचं नाही, हे धाकट्याला शिकवलं होतं कुणी? यानेच. कान पिळून शिकवलं होतं, आणि त्यात तो एकदाही चुकला नव्हता. तो ‘दे’ म्हणालाच नसणार. मग काय म्हणाला? ‘जाऊ दे’? जाऊ दे दादा, झालं गेलं सोड. की मला जाऊ दे? का ‘राहू दे’? खटका राहू दे, माझा हात आत आहे. की राहू दे मला इथेच, तुझ्यापाशी? थोरल्याने डोकं गच्च धरलं. उत्तर देणारा समोर चादरीखाली होता.

आई येऊन त्याच्यापुढे बसली. रडून रडून तिचा आवाज बसला होता.

"शेवटचं काय बोलला रे तुझ्याशी?"

लादीवाल्याने थोरल्याचा खांदा दाबला. सांग, ‘दे’ म्हणाला म्हणून सांग.

"राहू दे म्हणाला, आई."

आईने त्याच्याकडे पाहिलं.

"मग राहू द्यायचं होतंस ना रे," ती म्हणाली.