गेणूचं घड्याळ

लढाईच्या दिवसांत बंदरांची नावं कागदावर लिहायची नाहीत असा हुकूम होता. तो उठून किती वर्षं झाली, तरी त्या बंदराचं नाव लिहायला माझा हात अजून धजत नाही. कोकणातलं एक बंदर, एवढंच धरून चाला.

बेचाळीस साली त्या बंदराची भरती-ओहोटीची कचेरी बॉम्बच्या भीतीनं लोणावळ्याला हलवली. भुशीच्या रस्त्याला एका रिकाम्या बंगल्यात आम्ही चार कारकून आणि वर रावसाहेब. समुद्रापासून दोन हजार फूट उंच, धुक्यात बसून आम्ही समुद्राला सांगायचो की बाबा रे, तू किती वाजता चढायचं. चौघांपैकी दोघांनी समुद्र पाहिलाही नव्हता. त्यातला एक मी, हौशीराम, इंद्रायणीकाठच्या इंदुरीचा, इथंच नोकरीला लागलेला. पण गणितात माझा हात कोणी धरू शकत नव्हतं, आणि ही गोष्ट मी कोणाला विसरू देत नव्हतो.

बंदरात धक्क्याच्या टोकाला एक यंत्र होतं. विहिरीसारख्या हौदात तरंगता डबा, डब्याला तार, तारेला पेन्सिल. घड्याळाच्या चालीवर एक ढोल फिरायचा, त्यावर कागद गुंडाळलेला. पाणी चढलं की पेन्सिल चढायची, उतरलं की उतरायची. आठवड्याचा कागद दर सोमवारी आमच्याकडे यायचा. आम्ही आधी वर्तवलेली वेळ आणि कागदावरची वेळ ताडून पाहायचो, आणि फरक दिसला तर बंदराला दुरुस्ती कळवायचो. हे काही हौसेचं संशोधन नव्हतं. बंदराच्या तोंडाशी पाण्याखाली खडकाची एक पट्टी होती. भरलेलं जहाज तिच्यावरून आत घ्यायचं, ते भरतीच्या आधी एक तास, पाणी पुरेसं चढल्यावरच.

त्या यंत्रावर माझा धाकटा भाऊ गेणू होता. मीच त्याला तिथं चिकटवून दिला होता. चार यत्ता शिकलेला, इंग्रजीचा गंध नाही. पण लहानपणी इंद्रायणीचं पाणी गावच्या किल्ल्याखालच्या कितव्या दगडाला लागलंय ते बघून तो सांगायचा, आज कुणाच्या गोठ्यात पाणी शिरणार. तो निघताना मी त्याला दम भरला होता, "गेणू, घड्याळाला हात लावायचा न्हाई. कुनीबी सांगू दे. माजा हुकूम आल्याबिगर काट्याला बोट लावलंस, तर माज्याशी गाठ हाय." तो म्हणाला, "न्हाई लावनार, दादा."

सप्टेंबरच्या एक तारखेला सरकारनं अख्ख्या देशाची घड्याळं तासभर पुढे केली. बाजारात दोन वेळा सुरू झाल्या, जुना टाइम आणि नवा टाइम, आणि कोण कुठला बोलतोय ते विचारून घ्यावं लागायचं. आम्ही भरतीची कोष्टकं नव्या टाइमानं केली, आणि कचेरीचं इंग्रजी परिपत्रक मी कागदांच्या लिफाफ्यात घालून गेणूलाही धाडलं. ते त्याला वाचता येणार नाही, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

त्यानंतर दोन सोमवारी कागद आले. दोन्हींवर भरती आमच्या कोष्टकापेक्षा तासभर आधी. मी तीनदा मोजलं. मग मला जो आनंद झाला तो सांगायलाही आता लाज वाटते. लढाईमुळे बंदराच्या तोंडाशी नवा बांध घातला होता, त्यानंच समुद्राची चाल बदलली, असा सिद्धांत मी दोन पानं भरून मांडला. रावसाहेबांनी चष्म्यावरून पाहून एकच प्रश्न केला, "घड्याळ?"

"साहेब, माझा सख्खा भाऊ आहे तिथं. मिनिट इकडचं तिकडे व्हायचं नाही."

दुरुस्ती गेली. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी, गुरुवारी, भरती बारा चाळीसला नसून अकरा चाळीसला. त्या दिवशी एक जड जहाज आत यायचं होतं, मोठ्या भरतीसाठीच थांबवून ठेवलेलं. जहाजं आत घेणारे जुने वाटाडे आरमारात गेलेले, नवे आमच्या कागदावर चालणारे.

त्या जहाजावर कादर होता. बाजारापाठच्या चाळीत माझ्या शेजारच्या खोलीत त्याचं बिऱ्हाड, आणि तो बॉयलरवर कोळसा मारायच्या कामाला. दीड वर्षानं घरी येत होता. "गुरुवारी बंदराला लागतो, शुक्रवारी घरी" एवढं त्याचं कार्ड आलं होतं. रमजान चालू होता. त्याची बायको जाहिदा आठ दिवस खोली सारवत होती, पुसत होती, आणि पुन्हा सारवत होती.

गुरुवारी सकाळी नऊच्या सुमारास, नव्या टाइमानं, मी कचेरीला निघालो तर ती नळावर. मला थांबवून म्हणाली, "हौशीभाऊ, तुमच्या सरकारला जरा सांगा की. ह्यो नवा टाइम लय जाचतो. पयलं साडेसहाला दिस बुडायचा, रोजा सुटायचा. आता साडेसात वाजंपतूर घड्याळाकडं बघत बसायचं. पोटाला काय कळतंय, सरकारनं काटा फिरवलाय त्ये?"

मी हसलो. चार पावलं गेलो आणि थांबलो.

गेणू कागदाच्या कडेला पेन्सिलीनं टिपणं करायचा. रोज संध्याकाळी दिवस बुडाला की धक्क्यावरचा कंदील लावायचा आणि ढोलाच्या घड्याळात बघून लिहायचा, 'दिवा' आणि पुढे वेळ. मी ती टिपणं कधी वाचत नसे. अडाण्याची बाराखडी म्हणून सोडून द्यायचो.

मी पळत सुटलो. भुशीच्या रस्त्यावर चिखल, चपलेचा अंगठा तुटला, ती तिथंच टाकली. कचेरीत शिरून कपाटातला कागद ओढला. सोमवार, दिवा ६-३०. मंगळवार, दिवा ६-३०. सगळा आठवडा तेच. नव्या टाइमानं साडेसातला बुडणारा दिवस गेणूच्या घड्याळात साडेसहाला बुडत होता. बांध नाही, समुद्र नाही, काही बदललं नव्हतं. साऱ्या देशात काटा फिरला नव्हता तो फक्त गेणूच्या घड्याळाचा, कारण माझा हुकूम गेला नव्हता.

खरी भरती बारा चाळीसलाच होती. माझ्या दुरुस्तीप्रमाणे जहाज दहा चाळीसला पट्टीवर येणार, म्हणजे खऱ्या भरतीच्या दोन तास आधी. त्या वेळी तिथं पाणी लागतं त्याहून तीन फूट कमी. आणि कादर जहाजाच्या अगदी तळाशी, जिथं खडक आधी लागतो तिथं.

भिंतीवर साडेनऊ झाले होते.

रावसाहेबांच्या पुढ्यात मी कागद टाकला. दिव्याच्या वेळांवर बोट ठेवलं. त्यांनी पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, आणि फॉर्म ओढून संदेश लिहिला: दुरुस्ती रद्द, जहाज थांबवा. सही करून म्हणाले, "पळ."

तारघरात अंबाजी मास्तर होता, माझ्या ओळखीचा. त्यानं फॉर्म वाचला आणि मान हलवली. "कोकणची लाइन कालपासून बंद आहे. आंदोलनवाल्यांनी तारा तोडल्यात."

"दुसरीकडून फिरव."

"फिरवतो. पण पुढे लष्कराच्या तारांची रांग आहे. कधी पोचेल, ते मी कसं सांगू?"

"मास्तर, माणसं मरतील!"

त्यानं माझ्याकडे पाहिलं, पायांकडे पाहिलं, आणि खटखट सुरू केली. मी स्टेशनात गेलो, रेल्वेच्या फोनसाठी हातापाया पडलो. तिथल्या बाबूनं नियम सांगितला, मग माझं तोंड बघून नियम सोडला आणि कल्याणपर्यंत निरोप दिला. पुढचं त्याच्या हातात नव्हतं.

दहा वाजले, दहा वीस झाले. मी तारघराच्या पायरीवर बसलो. मला वाटत होतं, घाट उतरून पळत जावं, निदान पाय तरी चालते राहतील. समुद्र मी पाहिलेला नव्हता, त्यामुळे मनात जे पाणी येत होतं ते इंद्रायणीच्या पुराचंच, लाल, गढूळ, आणि त्यात कादरचं डोकं. दहा चाळीस झाले. अकराला मी अंबाजीला विचारलं, साडेअकराला विचारलं, बाराला त्यानं मला आत येऊ दिलं नाही. पोच आली नव्हती.

बारा चाळीस झाले. खरी भरती आली असणार आणि ओसरूही लागली असणार.

संध्याकाळपर्यंत काही कळलं नाही. रावसाहेब म्हणाले, "घरी जा. कळलं की माणूस पाठवतो." घरी जायचं म्हणजे जाहिदाच्या दारावरून जायचं. ती दारातच होती. पदराला हात पुसत म्हणाली, "लागलं आसंल न्हवं जहाज एव्हाना? तुमच्या कचेरीत कळतं न्हवं?"

मला खोटं बोलता आलं असतं. पण दिवसभरात अंगातलं सगळं त्राण गेलं होतं, खोटं बोलायलाही त्राण लागतं. मी उंबऱ्यात बसलो आणि सगळं सांगितलं. घड्याळ, दिवा, तीन फूट पाणी. "भाभी, चूक माजी हाय. गेणूची न्हाई, कुनाचीच न्हाई. माजी."

 तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मग ती आत गेली, तांब्याभर पाणी आणि ताटलीत भजी घेऊन आली, आणि समोर बसली. तिचं घड्याळ सात पंचवीस दाखवत होतं. 

"हितंच बसा," ती म्हणाली. "कुटं जाऊ नगा. माज्यानं येकटीनं हा रोजा सुटायचा न्हाई."

साडेसातला तिनं पाणी तोंडाला लावलं. मीही घोटभर प्यालो. भज्यांना दोघांनीही हात लावला नाही.

शुक्रवारी संध्याकाळच्या गाडीनं कादर आला. खांद्यावर वळकटी, तोंड काळं, आणि बत्तीसी बाहेर. मी त्याला मिठी मारली तशी तो चपापला. "आरं, तुला काय झालं? बायको रडती त्ये कळतं, तू का रडतूस?"

"जहाज थांबलं होतं का रं?"

"थांबलं म्हंजी? पट्टीच्या तोंडाशी इंजन बंद करा म्हनले. तासभर उभं. का, कुनी, आमास्नी खाली काय कळतंय."

मला वाटलं, माझी तार पोचली. छातीवरचा धोंडा उतरला, आणि खरं सांगतो, थोडी ऐटही परत आली. शनिवारी मी कचेरीत जरा ताठ मानेनंच गेलो. रावसाहेबांनी बंदराची पोच माझ्यापुढे सरकवली. आमचा संदेश त्यांना मिळाला होता गुरुवारी दुपारी दोन दहाला. तेव्हा कादरचं जहाज धक्क्याला लागून माल उतरवत होतं.

"मग थांबवलं कोणी?" मी विचारलं. 

सोमवारी गेणूचा कागद आला. तो रावसाहेबांनी उलगडला. गुरुवारच्या रेषेशी, पाणी अर्धवट चढलंय अशा जागी, कडेला दाटीवाटीनं लिहिलेलं होतं. या खेपेला मी ते अक्षर न् अक्षर वाचलं.

'दादा, जहाज येताना दिसलं. पानी मोजायच्या काठीवर पानी तीन फूट कमी व्हतं. गाळ काढनाऱ्या होडीचं, वाट बंद हाय म्हनून दावायचं लाल निशान व्हतं त्ये मी धक्क्याच्या खांबावर चढवलं. हुकूम न्हवता. बंदराचे सायेब वरडले, मी निशान उतरवलं न्हाई, पानी भरल्यावरच उतरवलं. रागावू नको. घड्याळाला हात लावलेला न्हाई.'