हेक्टरी किती खारी

यवतमाळची नम्रता आमच्या टेकडीवर खारी मोजायला आली, तेव्हा बिबवेवाडीतला आमचा सकाळचा फिरणाऱ्यांचा कट्टा अगदी हरखून गेला. टेकडीवरच्या झाडीतून रस्ता काढायचं घाटत होतं. खारी भरपूर निघाल्या तर रस्ता अडेल, असं आमचं साधं गणित. मी तीस वर्षं शाळेत गणित शिकवलंय, त्यामुळे त्यावर शंका घ्यायची कट्ट्यावर कुणाची प्राज्ञा नव्हती.

नम्रताची पद्धत मला पटली. सरळ रेषेत सावकाश चालायचं, खार दिसली की ती रेषेपासून किती मीटरवर आहे ते लिहायचं. त्यावरून हेक्टरी किती खारी, ते निघतं. तिच्या तीन रेषा होत्या. एक आमच्या पायवाटेवरून, दोन आत गर्द झाडीतून.

"काका, पंधरा दिवस कोणी दाणे टाकू नका जी," ती म्हणाली. "नाहीतर सगळंच चुकेल."

"अगं, आम्ही काय कुक्कुली बाळं आहोत?" मी म्हणालो.

दुसऱ्याच दिवशी कट्ट्यावरच्या उल्काताईंनी पिशवीतून शेंगदाणे काढले. "झाडी वाचवायचीय ना? मग खारींनी दर्शन नको द्यायला?" मलाही ते पटलं, आणि इथेच माझी अक्कल संपली. नम्रता यायच्या आधी आम्ही सातजण पायवाटेवर मूठमूठ दाणे पसरत गेलो. आत झाडीत कुणीच गेलं नाही, कारण सातांपैकी एकाचेही गुडघे धड नाहीत.

आठवड्याभरात पायवाटेवर खारींची झुंबड उडाली. "काका, दाणे टाकत नाही ना कोणी?" नम्रता रोज विचारायची. मी तिच्या डोळ्यांत बघून "छे!" म्हणायचो. लाज वाटायची, पण काम पुण्याचं होतं ना.

अहवाल आला. पायवाटेवर खारीच खारी, आतल्या दोन्ही रेषांवर एकही नाही. तो वाचून महापालिकेच्या कचेरीने ठरवलं, की पायवाट जपायची आणि रस्ता आतल्या झाडीतून न्यायचा.

आधी नम्रताला खरं सांगितलं. तिने नुसती वही मिटली. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मग कचेरी गाठली आणि साहेबांपुढे सगळं ओकलो.

"म्हणजे खारी आतल्या झाडीतच होत्या?" साहेबांनी विचारलं.

"होत्या. आम्ही दाणे टाकून बाहेर आणल्या."

"सगळ्या?"

"आत एकही उरली नाही. म्हणून तर सांगतोय, तो अहवाल रद्द करा!"

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "अहो सर, खारींचं स्थलांतर झाल्याशिवाय आम्हाला झाडांना हात लावता येत नव्हता. ते कसं करायचं, यावरच चार महिने बैठका चालल्यात." त्यांनी एक कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. "आत्ता बोललात ना, तेवढंच लेखी द्या."